कामाचे दिवस मोजायचे कसे? खुलताबादचा एक अर्ज आणि चार तारखा

ताज्या भागाचा हा मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. भागात क्वेरी वाचून दाखवल्या होत्या, इथेही त्या बोलल्यासारख्याच लिहिल्या आहेत.

आजचा प्रश्न खुलताबादच्या एका ताईंचा. त्या दाखल्यांचे अर्ज भरून देतात आणि स्वतःची नोंद एका छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतात. त्यांनी विचारलं, "दादा, अर्जाची तारीख माझ्याकडे आहे. पंधरा कामकाजाचे दिवस कधी संपतात ते क्वेरीनेच सांगावं असं वाटतं. कसं करू?"

प्रश्न साधा वाटतो. पण ताईंनी चुकीची तारीख सांगितली तर माणूस एक दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं भाडं खर्चून येतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर पहिलं अपील करता येतं, आणि त्यासाठी मुदत संपल्यापासून ३० दिवस मिळतात. म्हणजे मुदत कधी संपली हे कळलं नाही तर अपिलाची मुदत कधी सुरू झाली हेही कळत नाही. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही याच कायद्यात आहे. तेव्हा एका दिवसाच्या चुकीची किंमत दोन्ही बाजूंना आहे.

आधी शब्द वाचा, मग क्वेरी लिहा

पहिलं काम संगणकावरचं नाहीच. तुमच्या सेवेच्या अधिसूचनेत नुसते "दिवस" लिहिलेत की "कामकाजाचे दिवस", ते बघा. माहिती अधिकारात ३० दिवस म्हणजे सरळ ३० दिवस, रविवारही त्यात आला. त्याच कायद्यात एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर मुदत ४८ तासांची आहे. दिवस, कामाचे दिवस आणि तास ही तीन वेगळी मापं आहेत. तिन्हींना एकच सूत्र लावलं की घोळ झालाच.

मोजणी कुठून सुरू करायची तेही ठरवा. एखाद्या तारखे"पासून" म्हटलं की तो पहिला दिवस सोडायचा, ही कायद्यातली सर्वसाधारण रीत आहे. आणि लोकसेवा हक्क कायद्यातली मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून धरतात. त्यामुळे "अर्ज दिला ती तारीख" आणि "अर्ज परिपूर्ण झाला ती तारीख" असे दोन वेगळे रकाने ठेवा.

एक अर्ज, चार तारखा

आता उदाहरण. समजा खुलताबादच्या एका मुलीने मंगळवारी, ७ मे २०२४ ला परिपूर्ण अर्ज दिला आणि मुदत १५ कामकाजाच्या दिवसांची आहे.

पहिली पद्धत: तारखेत १५ मिळवा. उत्तर २२ मे. शनिवार-रविवार सगळे मोजले गेले, म्हणून चूक.

दुसरी पद्धत: शनिवार-रविवार वगळा. उत्तर २८ मे. बरेच जण इथेच थांबतात. पण २३ मे ला बुद्ध पौर्णिमेची सुट्टी होती. शिवाय १३ मे ला औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात मतदान होतं, खुलताबाद तालुका त्यातच येतो, आणि मतदानाच्या दिवशी सुट्टी असते.

तिसरी पद्धत: कुणाकडून तरी "महाराष्ट्राच्या सुट्ट्या" अशी एक यादी घ्यायची आणि ती सगळीच वगळायची. त्या यादीत २० मे सुद्धा असतो, कारण त्या दिवशी मुंबईत मतदान होतं. उत्तर ३१ मे. हेही चूक, कारण २० मे ला खुलताबादला मतदान नव्हतं, तो इथे कामाचा दिवस होता.

चौथी पद्धत: फक्त खुलताबादला लागू असलेल्या सुट्ट्या, म्हणजे १३ आणि २३ मे, वगळायच्या. उत्तर गुरुवार, ३० मे. हे बरोबर.

बघा, क्वेरी चारही वेळा बिनचूक चालली. एकदाही एरर आली नाही. उत्तर मात्र एकदाच बरोबर आलं. कामाचे दिवस वजाबाकीतून निघत नाहीत. ते कुणीतरी ठरवलेले असतात, आणि ते ठिकाणाप्रमाणे बदलतात. म्हणून ते सूत्रात कोंबायचे नाहीत, टेबलात लिहून ठेवायचे.

दिनदर्शिकेचं टेबल

भिंतीवरचं कॅलेंडर असतं ना, तेच डेटाबेसमध्ये टांगायचं. टेबलाचं नाव "दिनदर्शिका". रकाने पाच: तारीख, क्षेत्र, कामाचा दिवस (१ किंवा ०), सुट्टीचं कारण आणि आदेशाचा संदर्भ. प्रत्येक क्षेत्रासाठी प्रत्येक तारखेची एक ओळ. दहा वर्षांच्या ओळी एका क्षेत्राला साडेतीन हजारांच्या आसपास होतात, डेटाबेसला ते काहीच नाही. पोस्टग्रेस वापरत असाल तर "जनरेट सिरीज" या फंक्शनने सगळ्या तारखा एका दमात तयार होतात.

मी "जिल्हा" न म्हणता "क्षेत्र" म्हटलं, कारण मतदानाची सुट्टी मतदारसंघाप्रमाणे असते आणि स्थानिक सुट्टी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाप्रमाणे. आता खुलताबादचंच घ्या. जर जरी जर बक्ष यांचा उरूस असो की भद्रा मारुतीची हनुमान जयंती, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. पण गर्दी आहे म्हणून कार्यालय बंद, असं धरायचं नाही. आदेश असेल तरच शून्य लिहायचं, आणि शेजारच्या रकान्यात त्या आदेशाचा संदर्भ.

आता मोजणी. दोन तारखांमधले कामाचे दिवस हवेत तर क्वेरी अशी बोला: सिलेक्ट सम ऑफ कामाचा दिवस, फ्रॉम दिनदर्शिका, व्हेअर क्षेत्र बरोबर खुलताबाद, अँड तारीख अर्जाच्या तारखेपेक्षा मोठी, अँड तारीख निकालाच्या तारखेइतकी किंवा लहान. सुरुवातीला नुसतं "मोठी" आणि शेवटी "इतकी किंवा लहान", इकडे लक्ष द्या. पहिला दिवस सोडायचा नियम तिथेच पाळला जातो. दोन्हीकडे "इतकी" लिहिलंत तर पहिला दिवसही मोजला जाईल.

ताईंना मात्र उलटं हवंय: तारीख द्या, पंधरावा कामाचा दिवस सांगा. त्यासाठी टेबलात आणखी एक रकाना घाला, "चालू क्रमांक". तिथे त्या क्षेत्रातल्या कामाच्या दिवसांची सुरुवातीपासूनची बेरीज ठेवायची. विंडो फंक्शनने ती एका ओळीत येते: सम ऑफ कामाचा दिवस, ओव्हर, पार्टिशन बाय क्षेत्र, ऑर्डर बाय तारीख. सुट्टीच्या दिवशी हा आकडा वाढत नाही, आदल्या दिवशीचाच राहतो. मग अर्जाच्या तारखेचा क्रमांक घ्या, त्यात १५ मिळवा, आणि तो क्रमांक असलेली सर्वांत लहान तारीख शोधा. ७ मे चा क्रमांक समजा ५०० असेल तर ५१५ हा आकडा पहिल्यांदा ३० मे ला दिसेल. दोन तारखांमधले दिवस हवे असतील तर दोन क्रमांकांची वजाबाकी करा, झालं.

नियमच बदलला तर?

महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केला. त्याआधी दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा असायचा, बाकीचे शनिवार कामाचे. २९ फेब्रुवारी हा त्या महिन्यातला पाचवा शनिवार होता. जुन्या नियमाने कामाचा, नव्या नियमाने सुट्टीचा. "सात दिवसांमागे पाच" असं सूत्र क्वेरीत लिहिलेलं असेल तर २०१९ चे सगळे अर्ज चुकीचे मोजले जातात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. टेबल असेल तर जुन्या ओळी जुन्या नियमाच्या आणि नव्या ओळी नव्या नियमाच्या राहतात, क्वेरीला हात लावावा लागत नाही. पोलीस, रुग्णालयं अशा अत्यावश्यक सेवांना पाच दिवसांचा आठवडा नाही, त्यांचं क्षेत्र वेगळं करा.

काही सुट्ट्या वर्षाच्या यादीत नसतातच. लता मंगेशकर गेल्या तेव्हा ७ फेब्रुवारी २०२२ ला राज्यात सुट्टी जाहीर झाली. २२ जानेवारी २०२४ ची सुट्टी जेमतेम काही दिवस आधी ठरली. २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी मुंबई शहर आणि उपनगरात ५ सप्टेंबरऐवजी ८ सप्टेंबरला दिली, इतर जिल्ह्यांत ती ५ लाच राहिली. अशा वेळी टेबलातली एक ओळ बदला आणि चालू क्रमांक पुन्हा काढा. पण माणसाला आधी लिहून दिलेली तारीख पुसू नका. "तेव्हा सांगितलेली तारीख" आणि "आज येणारी तारीख" दोन्ही ठेवा. उद्या कुणी विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे.

तास मोजायचे असतील तर

पाच दिवसांच्या आठवड्याबरोबर कार्यालयाची वेळ सकाळी ९.४५ ते संध्याकाळी ६.१५ झाली. समजा तक्रार शुक्रवारी संध्याकाळी ५ ला आली आणि सोमवारी सकाळी ११ ला निकाली निघाली. नुसती वजाबाकी केली तर ६६ तास येतात. कामाचे तास किती? शुक्रवारचा सव्वा तास, सोमवारचा सव्वा तास, एकूण अडीच.

रीत अशी: दिनदर्शिकेतल्या प्रत्येक कामाच्या दिवसासाठी तक्रारीची वेळ आणि कार्यालय उघडण्याची वेळ यातली उशिराची घ्या. निकालाची वेळ आणि बंद होण्याची वेळ यातली लवकरची घ्या. दुसरीतून पहिली वजा करा, उत्तर उणे आलं तर शून्य धरा, आणि सगळ्या दिवसांची बेरीज करा. उघडण्या-बंद होण्याच्या वेळाही त्याच टेबलात ठेवा, कारण २०२० आधी त्या वेगळ्या होत्या. जेवणाची सुट्टी वजा करायची की नाही हे क्वेरी लिहिणाऱ्याने मनाने ठरवू नये, नियमाने ठरवावं.

शेवटची एक खोच. सर्व्हर बऱ्याचदा यूटीसी वेळेवर चालतो आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. मंगळवारी पहाटे १ वाजता ऑनलाइन भरलेला अर्ज त्याच्या हिशेबी सोमवार संध्याकाळ ७.३० चा असतो. तारीख काढण्याआधी वेळ भारतीय करून घ्या, नाहीतर पूर्ण एक दिवस सरकतो.

तर ताई, उद्या सुरुवात अशी करा. या वर्षाची शासनाची सुट्ट्यांची अधिसूचना काढा, जिल्हाधिकाऱ्यांचे स्थानिक सुट्टीचे आदेश शेजारी ठेवा आणि टेबल भरा. एक संध्याकाळ जाईल. मग ७ मे २०२४ टाकून बघा. ३० मे आलं तर टेबल त्या महिन्यापुरतं तरी बरोबर आहे. २२, २८ किंवा ३१ आलं तर काय चुकलं ते आता तुम्हाला माहीत आहे.

तुमच्याकडे मोजणीचा असा काही घोळ झाला असेल तर कळवा, पुढच्या भागात घेऊ. तोवर नमस्कार.