पर्सेंटाइलला टक्के म्हणणं आता थांबवा

सीईटीचा निकाल लागला की इस्लामपुरात क्लासवाल्यांचे फ्लेक्स झळकतात. पोरापोरींचे फोटो, खाली नाव, नावाखाली ठसठशीत आकडा: 97.4 %. परीक्षा कुठली, तर एमएचटी-सीईटी. त्या परीक्षेत टक्के नावाची गोष्टच नाही. स्कोअरकार्डावर 'पर्सेंटाइल' असा शब्द छापलेला असतो. तरी फ्लेक्सवाला टक्क्याचं चिन्ह टाकतो आणि क्लासवाला ते तसंच ठेवतो. सत्त्याण्णव टक्के वाचून येणारा-जाणारा बाप गाडी बाजूला घेतो, हे त्याला ठाऊक असतं.

मग सुरू होतात प्रश्न. "सर, नव्वद पडलेत पोराला. वालचंदला कॉम्प्युटर कसं काय मिळत नाही?" त्याच्या मागेच दुसरे कुणी हळू आवाजात: "आमच्या पोरीला साठच आहेत हो. काठावरच निघाली म्हणायची." दोघांचाही हिशेब चुकलेला. पहिल्याची छाती विनाकारण फुगलेली आणि दुसऱ्याची मान विनाकारण खाली. दरवर्षी हेच चालतं. एकेक घर यापायी लाखभर रुपयांना बुडतं, म्हणून याचा सोक्षमोक्ष लावून टाकू.

टक्के म्हणजे शंभरात मिळालेले गुण. पर्सेंटाइल म्हणजे शंभरांत तुमच्याबरोबरीचे किंवा तुमच्या मागे असलेले किती. गळीत हंगामात साखराळ्याच्या कारखान्यावर काट्याला ट्रॅक्टरची रांग लागते. तुमच्या मागे किती ट्रॅक्टर उभे आहेत हे मोजलं तर तुमच्या ट्रॉलीत किती टन ऊस आहे ते कळत नाही. पर्सेंटाइल रांगेतली जागा सांगतं, वजन सांगत नाही. 90 पर्सेंटाइलवाल्याला 200 पैकी 180 गुण मिळालेले नसतात. त्याहून बरेच कमी असतात.

हा उपद्व्याप कशाला, सरळ गुण का देत नाहीत? कारण सगळी पोरं एकाच दिवशी, एकाच प्रश्नपत्रिकेला बसत नाहीत. 2019 पासून ही परीक्षा संगणकावर होते, अनेक दिवस चालते, रोज सकाळ-दुपार अशी सत्रं असतात आणि प्रत्येक सत्राचे प्रश्न वेगळे. एखादं सत्र सोपं जातं, एखादं घाम फोडतं. म्हणून प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच सत्रातल्या मुलांशी करतात. त्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे किती, भागिले सत्राला बसलेले एकूण, गुणिले शंभर. झालं.

आकडे मांडून बघू. आकडे कल्पित आहेत, रीत खरी आहे. सोप्या सत्राला 20,000 मुलं बसली. 118 गुण किंवा त्याहून कमी मिळवणारी 16,000 निघाली. तर 118 गुणवाल्याला 80 पर्सेंटाइल. अवघड सत्रालाही 20,000 बसली, पण तिथे 118 किंवा त्याहून कमी मिळवणारी 18,000. तर त्याच 118 गुणांना 90 पर्सेंटाइल. गुण तेच, पर्सेंटाइल वेगळं, आणि अन्याय कुणावरच नाही. प्रत्येक सत्रात पहिल्या आलेल्याला 100 पर्सेंटाइल मिळतं, मग त्याचे गुण 200 असोत वा नसोत. म्हणूनच 2025 मध्ये पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात 22 जण 'शंभर'वाले होते.

ही पद्धत अगदी निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. सगळ्या सत्रांत हुशार आणि मध्यम मुलं सारख्याच प्रमाणात विखुरलेली असतील, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. शिवाय 2025 मध्ये 27 एप्रिलच्या एका सत्रात गणिताच्या 21 प्रश्नांचे पर्यायच चुकले आणि ती परीक्षा 5 मे रोजी पुन्हा घ्यावी लागली. पालक चिडले ते बरोबरच होतं. पण प्रश्नपत्रिका चुकणं वेगळं आणि पर्सेंटाइलचं गणित चुकीचं असणं वेगळं.

आणखी एक गंमत. स्कोअरकार्डावर भौतिक, रसायन आणि गणित यांची वेगवेगळी पर्सेंटाइल असतात, खाली एकूण. पुष्कळ जण तिन्हींची सरासरी काढतात, ती एकूणशी जुळत नाही आणि मग "घोळ झालाय" म्हणून फोन करतात. घोळ नाही. एकूण पर्सेंटाइल तिन्ही विषयांच्या गुणांची बेरीज घेऊन नव्याने काढतात. त्यात गणिताचे प्रश्न प्रत्येकी 2 गुणांचे, बाकीचे 1 गुणाचे.

आता नव्वदवाल्या बापाकडे येऊ. 2025 मध्ये पीसीएम गटाची परीक्षा सव्वाचार लाखांच्या आसपास मुलांनी दिली. 90 पर्सेंटाइल म्हणजे त्याच्या पुढे दहा टक्के, म्हणजे 42 हजारांच्या घरात मुलं उभी आहेत. 99 ला पुढे चार हजारांहून थोडी जास्त. सांगलीच्या वालचंद कॉलेजात कॉम्प्युटरच्या खुल्या गटातल्या जागा 98 च्या पुढेच संपतात. 90 आणि 98 मध्ये आठाचाच फरक दिसतो, पण त्या आठात तीस-पस्तीस हजार मुलं बसलेली आहेत.

आणि साठवाली पोरगी? तिच्या पुढे पावणेदोन लाखांच्या आतबाहेर मुलं. राज्यात इंजिनिअरिंगच्या जागा दोन लाखांच्या आसपास. शिवाय पुढच्यांतले कित्येक जण आयआयटीला, एनआयटीला, फार्मसीला किंवा राज्याबाहेर जातात. म्हणजे 60 पर्सेंटाइलला कॅपमधून, रीतसर, सरकारी फेरीतून कॉलेज मिळतं. नामांकित कॉलेजातलं कॉम्प्युटर मिळणार नाही. सिव्हिल, मेकॅनिकल किंवा जरा लांबचं कॉलेज मिळेल. पण मिळेल.

पैसा बुडतो तो इथेच. निकालाच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी 'ॲडमिशनवाले दादा' फोन करतात: "साठच आहेत, कॅपला काही लागायचं नाही, मॅनेजमेंटची सीट आहे, आजच पन्नास हजार भरून धरून ठेवा." ज्याच्या डोक्यात साठ म्हणजे साठ टक्के आहे, तो बाप घाबरतो आणि भरतो. संस्थास्तरावरच्या जागांनासुद्धा जाहिरात देऊन, अर्ज मागवून, गुणवत्तेनेच प्रवेश देण्याचा नियम आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. त्या जागेवर शासनाची फी-सवलत मिळत नाही, हेही सांगत नाही. पर्सेंटाइलचा अर्थ कळलेल्या घरात या दादांची डाळ शिजत नाही.

त्यापेक्षा एक साधं काम करा. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीच्या प्रत्येक फेरीच्या कटऑफ याद्या असतात. त्यात प्रत्येक शाखेखाली GOPENH, LOPENH, GOBCS असली अक्षरं दिसतात, ती बघून घाबरू नका. पहिला G म्हणजे सर्वसाधारण जागा, L म्हणजे मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. शेवटचा H म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतले (आपल्यासाठी शिवाजी विद्यापीठ), O म्हणजे बाहेरचे, S म्हणजे राज्यस्तर. त्याखाली दोन आकडे: वर राज्य गुणवत्ता क्रमांक, कंसात पर्सेंटाइल. आपल्या मुलाचा गुणवत्ता क्रमांक त्या वरच्या आकड्याशी ताडून पाहा. तेवढ्यात निम्मी काळजी मिटते. क्रमांक निकालानंतरच कळतो, पण याद्या वाचायचं काम बारावीच्या दिवाळीतसुद्धा करता येतं, त्यासाठी निकालापर्यंत थांबायची गरज नाही.

अभ्यास चालू असलेल्या मुलांसाठी यातलीच एक गोष्ट कामाची आहे. मधल्या पट्ट्यात गर्दी दाट असते. तिथे गणिताचे चार-पाच प्रश्न जास्त सुटले तर पर्सेंटाइल चांगलंच उडी घेतं. वर, 98 च्या पुढे, मुलं विरळ असतात आणि तेवढ्याच प्रश्नांनी आकडा कासवासारखा सरकतो. म्हणून सराव परीक्षेत 55-60 वर अडकलेल्या मुलाला "तुझं काही खरं नाही" म्हणणं हे क्रौर्य तर आहेच, गणितही चुकीचं आहे. सर्वांत जास्त फायदा त्यालाच व्हायचा असतो.

एवढं सोपं असून हा गैरसमज मरत का नाही? मला वाटतं, घरातला प्रत्येक जण आपापल्या सालचा नियम सांगतो म्हणून. बापाच्या वेळी बारावीच्या गुणांवर प्रवेश व्हायचे. 2014 आणि 2015 ला राज्यातले इंजिनिअरिंगचे प्रवेश जेईई मेन आणि बारावी मिळून झाले, ते चुलतभावाला पाठ. 2016 ला सीईटी परत आली, तेव्हा 200 पैकी गुणच मिळायचे, ते मामेबहिणीला पाठ. 2019 पासून पर्सेंटाइल. त्यात 2022 मध्ये बारावी आणि सीईटी यांना निम्मं-निम्मं वजन देण्याची घोषणा झाली, ती अमलात आली नाही, पण पारावर अजून ऐकू येते. सगळे जण खरंच बोलत असतात, फक्त चुकीच्या सालातलं.

बाकीच्या गैरसमजांना एवढी जागा देत नाही.

"बारावीला नुसतं पास झालं की बास." नाही. राज्यातल्या इंजिनिअरिंगला भौतिक, गणित आणि तिसरा विषय मिळून खुल्या गटाला 45 टक्के आणि राखीव गटाला 40 टक्के लागतात. हे खरेखुरे टक्के बरं का. नीटमधून वैद्यकीयला जायचं तर पीसीबीत 50 आणि 40. एनआयटीला जेईई मेनच्या क्रमांकाबरोबर बारावीत 75 टक्के, किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असणं. नावापुरतं ज्युनिअर कॉलेज धरून वर्षभर क्लासमध्येच बसणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

"चुकलं तर गुण कापतात, म्हणून प्रश्न सोडून द्यावेत." सीईटीत एकही गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा ठेवू नका. कापतात ते नीट आणि जेईईला.

"नीट पात्र झाली म्हणजे डॉक्टर झाली." पात्रतेची रेघ आणि सरकारी एमबीबीएसची रेघ यांच्यात शेकडो गुणांचं अंतर आहे. पेढे जरा बेतानं वाटा.

"मेडिकलला मराठवाड्यातून बारावी केली की सोपं." 70-30 चा तो प्रादेशिक कोटा 2020 मध्येच रद्द झाला.

"कॉमर्स-आर्ट्सला कसली आली सीईटी?" बीबीए, बीसीएला 2024 पासून आहे.

"पर्याय अर्जात अवघड कॉलेज वर टाकलं तर खालचंही हातचं जातं." याचा मला विशेष राग येतो, कारण नेट कॅफेवाले छातीठोकपणे हे सांगतात. जागावाटप गुणवत्ता क्रमांकानेच होतं. वरचं नाही मिळालं तर यंत्रणा तुमच्या पुढच्या पर्यायाकडे त्याच क्रमांकाने बघते. तुमच्यामागच्या मुलानं ते कॉलेज पहिलं टाकलं म्हणून ते त्याला आधी मिळत नाही. जपायचं ते दुसरंच आहे. 2025 च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसरीत पहिल्या तिनांतला किंवा तिसरीत पहिल्या सहांतला, की तो घ्यावाच लागायचा. नाकारला तर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणजे पहिले सहा पर्याय मनापासून हवे असलेलेच असले पाहिजेत. यंदाचे नियम माहितीपुस्तिकेत वाचून घ्या. आणि अर्जाचा पासवर्ड, ओटीपी कॅफेवाल्याच्या वहीत लिहून ठेवू नका.

"पोरीच्या इंजिनिअरिंगला एवढा पैसा कुठला?" हे ऐकून मात्र चिडण्यापेक्षा वाईट वाटतं, कारण 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. प्रवेश कॅपमधून झालेला हवा. खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं यात बसत नाहीत, तेव्हा कॉलेजच्या नावापुढे 'विद्यापीठ' दिसलं तर आधी विचारा. मुलाला टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या, जागेचा पर्याय आहे. त्यातही उत्पन्नाची मर्यादा 8 लाखांचीच आणि जागा गुणवत्तेने.

शेवटचा गैरसमज कागदांचा: "दाखले काय, निकालानंतर काढू." जात पडताळणीचं काम सांगलीच्या समितीकडे जातं आणि जून-जुलैत तिथे सगळा जिल्हा उभा असतो. निव्वळ पावतीवर अर्ज भरता येतो, पण दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर तुम्हाला खुल्या गटात धरतात, आणि तोवर खुल्या गटाचा कटऑफ कुठल्या कुठे गेलेला असतो. बारावीचं पहिलं सत्र चालू असतानाच कॉलेजच्या कार्यालयातून पडताळणीच्या अर्जासाठी प्राचार्यांचं पत्र घ्या, ऑनलाइन अर्ज भरा, कागद समितीकडे जमा करा आणि पावती हातात पडल्याशिवाय तिथून हलू नका.