तुडतुडे मोजावेत कसे?

मराठीच्या प्राध्यापकाने भातावरील किडींविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु खानापूर तालुक्यातील आमच्या घरच्या शेतात जे घडले, ते मी आजवर विसरलेलो नाही.

एका वर्षी आमच्या थोरल्या बंधूंना बांधावरून चार पतंग उडताना दिसले. त्यांनी तत्काळ औषध फवारले. पंधरवड्याने पुन्हा फवारले. दसऱ्याच्या सुमारास हिरव्या पिकात करपल्यासारखी वर्तुळे उमटली. तपकिरी तुडतुड्यांनी रस शोषून घेतला होता. औषधाने त्यांना खाणारे कोळी मारले. तुडतुड्यांची अंडी मात्र पानांच्या आवरणात सुरक्षित राहिली. बंधूंनी कष्टांत कसूर केली नव्हती. मोजणी तेवढी राहून गेली होती.

खोडकिड्यासाठी कामगंध सापळा लावतात. मादीच्या गंधासारख्या गंधाने त्यात केवळ नर पतंग येतात. पाहणीसाठी हेक्टरी 5 सापळे पुरतात. रोजची नोंद ठेवली म्हणजे पतंग केव्हा वाढले ते समजते. फवारावे की नाही, हे मात्र सापळा सांगत नाही. त्यासाठी चिखलातच उतरावे लागते. शेतात तिरपे चालत निरनिराळ्या ठिकाणच्या चुडांची पाहणी करावी, पानांच्या टोकांशी भुरकट केसांनी झाकलेले अंडीपुंज शोधावेत, मधला सुकलेला पोंगा ओढून पाहावा. तो सहज निघून आला, तर आत अळी शिरली असे समजावे. शंभर फुटव्यांत असे पाचांहून अधिक पोंगे आढळले, तरच औषधाचा विचार करावा.

तुडतुड्यांसाठी तर कंबर वाकवलीच पाहिजे. ते बुंध्याशी, पाण्यालगत बसतात. बांधावरून पीक हिरवेगारच दिसते. चुडाला हलकेच थोपटले की ते पाण्यावर पडतात, तेव्हा मोजावेत. प्रत्येक चुडामागे दहाच्या आसपास भरले तर सावध व्हावे. पण त्याच वेळी कोळीही मोजावेत. ते पुरेसे असतील तर थांबता येते. ही दुसरी मोजणी, माझ्या पाहण्यात, फारच थोडे लोक करतात.

इंडोनेशियात हेच देशाच्या पातळीवर घडले. फवारणी वाढली तसे तुडतुडेही वाढले. अखेर 1986 साली तेथील शासनाने भातावरील 57 कीटकनाशकांना बंदी केली आणि पुढे शेतकऱ्यांना शेतातच बसवून ही गणती शिकवली.

बंधूंनी पुढच्या हंगामापासून मुलांच्या जुन्या वहीत दर आठवड्याचे आकडे लिहिले. ती वही माझ्यापाशी आहे. कित्येक पानांवर आकड्यांपुढे एवढाच शेरा आहे : ‘कोळी बरेच. फवारले नाही.’