वैद्यविद्यार्थ्यांची झोंप

मुंबईंत आपला मुलगा अगर मुलगी डॉक्टरी शिकत आहे, एवढें वाक्य साताऱ्याच्या किंवा परभणीच्या घरांत उच्चारलें गेलें कीं ऐकणाराच्या चेहऱ्यावर आदर उमटतो. पेढे वांटले जातात, ‘नीट’च्या गुणांची चर्चा होते, आणि लग्नाच्या बाजारांतला भावही चढतो. परंतु त्या मुलाचा दिवस कसा जातो, आणि विशेषतः रात्र कशी जाते, हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. आज आम्ही तेंच विचारणार आहों.

पहिलें वर्ष त्यांतल्या त्यांत सुखाचें. शरीररचनेच्या दालनांत फॉर्मलिनच्या उग्र वासानें डोळ्यांस पाणी येतें. समोरच्या देहाचा मान राखण्याची शपथ हल्लीं विद्यार्थ्यांकडून घेववितात, ही रीत आम्हांस फार चांगली वाटते. मराठी शाळेंतून आलेल्या मुलास स्नायूंचीं लॅटिन नांवें घोकतांना घाम फुटतो खरा. पण पुढें वॉर्डांत गेल्यावर पारडें फिरतें. पोटांत कळ मारते, मुरडा येतो कीं आग पडते, हा भेद खाटेवरची म्हातारी सांगूं लागली म्हणजे तो त्यासच प्रथम उमगतो, आणि इंग्रजी शाळेंतला हुशार सोबती त्याच्या तोंडाकडे पाहूं लागतो. २०१९ पासून नव्या अभ्यासक्रमांत आरंभींच स्थानिक भाषेची ओळख करून देण्याची तरतूद झाली, ती कांहीं उगीच नव्हे.

साडेचार वर्षें अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, आणि त्यापुढें पदव्युत्तर शिक्षणासाठीं राहिल्यास तीन वर्षें निवासी डॉक्टर. खरें दुखणें येथें आहे. ह्या निवासी डॉक्टरास वेतन मिळत नाहीं, विद्यावेतन मिळतें. पैशाची गोष्ट निघाली कीं तो विद्यार्थी, आणि कामाची निघाली कीं तो डॉक्टर! सकाळीं सातास वॉर्डाची फेरी, मग ओपीडीची रांग. युनिटची इमर्जन्सी असली तर रात्रभर अपघाताचे, विषबाधेचे, तापाचे रोगी. उजाडतांच पुन्हा फेरी, कारण कालचा दिवस संपला असें त्यास कोणी सांगतच नाहीं. तीस-छत्तीस तास अशा रीतीनें सरतात. त्यांत शिकण्याचे किती? रक्ताच्या बाटल्या प्रयोगशाळेंत पोंचविणें, हरवलेला रिपोर्ट शोधणें, वॉर्डबॉय नसला तर ट्रॉली ढकलीत एक्स-रे पर्यंत नेणें, हींही कामें त्यालाच. ह्यास शिक्षण म्हणावयाचें असेल तर हमालीसही विद्यापीठाची पदवी द्यावी लागेल.

जुने प्राध्यापक म्हणतात, ‘आम्हींही असेंच केलें, रोग्याच्या उशाशीं रात्र काढल्यावांचून वैद्य होत नाहीं.’ ह्या म्हणण्यांत तथ्य आहे. रोग रात्रींतून कसा पालटतो हें पुस्तकांत दिसत नाहीं. आणि पाळी बदलतांना एकाची माहिती दुसऱ्यास नीट न मिळाल्यास रोग्याचें नुकसान होतें, हेंही आम्ही मान्य करितों. परंतु जागरणानें शिक्षण होतें असें ज्यांस वाटतें त्यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध झालेला बोस्टनचा प्रयोग पाहावा. तेथील अतिदक्षता विभागांत कांहीं इंटर्नांस जुन्या पद्धतीनें दीर्घ पाळ्या दिल्या व कांहींच्या पाळ्या आंखूड केल्या. जुन्या पद्धतींत गंभीर चुका सुमारें ३६ टक्के अधिक झाल्या. अर्थात् निवासी डॉक्टरांचें जागरण हा केवळ त्यांच्या सुखाचा प्रश्न नसून खाटेवरच्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

न्यूयॉर्कांत १९८४ सालीं अठरा वर्षांची एक मुलगी रुग्णालयांत दगावली. तिचा पिता वृत्तपत्रांत लिहिणारा होता. त्यानें हा विषय सोडला नाहीं, आणि १९८९ सालीं त्या राज्यानें आठवड्यास ८० तासांची मर्यादा घातली. आपल्याकडे नियम नाहींत असें नाहीं. १९९२ च्या केंद्र सरकारच्या आदेशांत सलग काम सामान्यतः बारा तासांहून अधिक नसावें असें म्हटलें होतें. २०२३ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांत मात्र तासांचा आंकडाच नाहीं. काम ‘वाजवी’ वेळ असावें एवढेंच आहे. वाजवी म्हणजे किती, हें ज्याच्या हातीं पाळ्यांचा तक्ता त्यानें ठरवावयाचें! कारखान्यांतील मजुराच्या तासांची मोजदाद कायद्यानें होते, आणि शस्त्र हातीं धरणाराच्या तासांची होत नाहीं, ह्या विसंगतीचें आम्हांस नवल वाटतें.

आनंदीबाई जोशी १८८६ सालीं फिलाडेल्फियाची पदवी घेऊन परत आल्या आणि दुसऱ्याच वर्षीं क्षयानें गेल्या. त्यांच्या तसबिरीस आपण हार घालतों. पण आज मुंबईच्या रुग्णालयांत काम करतां करतां निवासी डॉक्टरांस क्षय जडल्याचीं उदाहरणें होतात, तिकडे कोणी पाहात नाहीं. अपुरी झोंप, अवेळीं जेवण, एका खोलींत दाटीनें राहणें, ह्यांस क्षयाचें अगत्य फार. २०२३ च्या जानेवारींत राज्यांतील निवासी डॉक्टरांनीं संप केला, त्यांच्या मागण्यांत वसतिगृहांची दुरवस्था होतीच. आणि २०२४ च्या ऑगस्टांत कलकत्त्याच्या एका सरकारी रुग्णालयांत रात्रपाळींत विसाव्यास सभागृहांत गेलेल्या शिकाऊ डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. तिला पडावयास दुसरी जागा नव्हती काय, हा प्रश्न देशभर विचारला गेला. सर्वोच्च न्यायालयानेंही छत्तीस तासांच्या पाळ्यांविषयीं चिंता व्यक्त केली.

सरकारकडे आमचें मागणें साधें आहे: ‘वाजवी’ शब्दाच्या जागीं आंकडा घालावा, आणि निवासी डॉक्टरांच्या पाळ्यांचा तक्ता वॉर्डाच्या दारावर, रोग्याच्या नातलगांस वाचतां येईल असा मराठींत लावावा. पण केवळ सरकारच्या तोंडाकडे पाहात बसण्याचें कारण नाहीं. परळचें शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६ सालीं निघालें, तेव्हां देणगी देणारांनीं तेथील अध्यापक हिंदी असावे अशी अट घातली होती, आणि ती पाळली गेली. आजही रुग्णालयांस इमारती व यंत्रें देणारे धनिक शहरांत आहेत. त्यांनीं आपल्या नांवाच्या पाटीबरोबर एवढी अट जरूर घालावी, कीं दर मजल्यावर आंतून कडी लागणाऱ्या दोन खोल्या, एक मुलींची व एक मुलांची, खाटा व पंख्यासह प्रथम तयार व्हाव्या, आणि यंत्र मागाहून यावें.