हृदयाच्या सीटीत पांढरं दिसलं की कॅल्शियमच का?

हृदयाची सीटी अँजिओग्राफी झाली की पडद्यावरचा पांढरा पट्टा पाहून नातेवाइकांच्या काळजाचा ठोका चुकतो: ‘एवढं कॅल्शियम!’ बहुतेकदा तो पट्टा डाय मिसळलेल्या रक्ताचा असतो. रक्तवाहिनी उठून दिसावी म्हणूनच शिरेतून आयोडीनयुक्त डाय देतात. कॅल्शियम स्कोअरसाठीचा स्कॅन डायशिवाय वेगळा काढतात.

त्याहून खोल रुजलेला समज असा की प्रत्येक ऊतीचा सीटीतला आकडा ठरलेला असतो. ठरलेले आकडे दोनच: पाणी 0, हवा उणे 1000 हाउन्सफील्ड. बाकीचे क्ष-किरणांच्या ऊर्जेप्रमाणे कमीजास्त होतात. कमी ऊर्जेचा किरण अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवून स्वतः संपतो. अणुक्रमांक जितका मोठा, तितकं हे शोषण झपाट्यानं वाढतं. कॅल्शियमचा अणुक्रमांक 20, आयोडीनचा तब्बल 53, तर स्नायूत मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन. त्यातून आयोडीनचं शोषण 33 किलोइलेक्ट्रॉन व्होल्टला एकदम उसळी घेतं. क्ष-किरण नळीला 120 किलोव्होल्ट (केव्ही) दाब दिला की निघणाऱ्या झोताची सरासरी ऊर्जा त्याच्या जवळपास दुप्पट असते. केव्ही उतरवलं की झोत त्या उसळीकडे सरकतो. म्हणून 80 केव्हीवर तीच डाय दीडपटीहून अधिक उजळ दिसते, कॅल्शियमही उजळतं, चरबी आणखी काळी होते. डाय न पोचलेला हृदयाचा स्नायू मात्र जवळजवळ तसाच राहतो.

‘केव्ही कमी म्हणजे स्कॅन हलक्या दर्जाचा’ हेही सरसकट खरं नाही. सडपातळ रुग्णाला कमी केव्हीवर किरणोत्सर्ग कमी लागतो, डायही कमी पुरते. मूत्रपिंड नाजूक असेल तर हा फायदा मोलाचा. स्थूल शरीरातून मात्र पुरेसे किरण पार होत नाहीत आणि चित्र दाणेदार येतं. कॅल्शियमचा डाग वाजवीपेक्षा फुगलेला दिसून वाहिनी आहे त्याहून अरुंद भासू शकते, हा धोका वेगळाच.

दोन रिपोर्ट शेजारी ठेवताना केव्ही पाहायलाच हवं, असं मला वाटतं ते यामुळेच. कॅल्शियम स्कोअरची रूढ पद्धत 120 केव्हीवर बेतलेली. 130 हाउन्सफील्डच्या खालचा ठिपका ती मोजतच नाही. समजा, 120 केव्हीवर एका ठिपक्याचा आकडा 120 आला, तर तो सुटला. तोच 100 केव्हीवर 130 ओलांडू शकतो. मग उंबरठा बदलला नसेल, तर रोग तसूभरही न वाढता स्कोअर वाढतो.