प्रत्येक भूमिकेला दोन मुलं

वसई स्टेशन मागे टाकून समुद्राकडे निघालं की केळीच्या वाड्या, विहिरी आणि चर्चचे मनोरे एकामागून एक लागतात. निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल, आगाशी. चर्चच्या आवारात शाळा हे इथलं नेहमीचं दृश्य. आमची शाळाही तशीच, पण अगदी लहान: कॅथलिक संस्थेची, मराठी माध्यमाची, अनुदानित, बालवाडी आणि पहिली ते चौथी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही; पट्ट्यातलं कुठलंही धरून वाचावं. मी इथे तिसरी-चौथीला शिकवते. डिसेंबरचा पहिला आठवडा संपत आला आहे आणि नाताळचा कार्यक्रम दोन आठवड्यांवर आहे.

सकाळी ६.४५

पहाटेची मिस्सा संपत आली आहे. शेवटच्या सूचनांमध्ये फादर सांगतात, "शाळेच्या नाताळगोठ्याला पेंढा आणि चार बांबू हवेत." पायरीवर येईपर्यंत पेंढ्याची सोय होते. बांबूवर मात्र दोन घरांत वाद, कारण दोघांनाही द्यायचे आहेत.

लाल लुगड्यातल्या एक आजी मला थांबवतात. त्या याच शाळेत चौथीपर्यंत शिकल्या. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. लोकभाषेत उपासना सुरू झाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५). "चर्चमध्ये काय म्हणतात ते कळायचं नाही, शाळेत काय म्हणतात ते कळायचं," आजी म्हणतात. आता त्यांच्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आहे आणि रोज एक पान वाचायचं हा त्यांचा नेम. शाळेच्या गोठ्यासाठी त्या दर वर्षी जुनं सुती लुगडं देतात. मेंढपाळांचे अंगरखे त्याचेच होतात.

८.३०

शाळेला शिपाई नाही. कुलूप उघडतात ते शेजारचे काका. त्यांनी उमेदीची वर्षं पहाटेच्या लोकलने मुंबईला दूध पोचवण्यात घालवली. पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. तो काकांना अजून पटलेला नाही. "नऊला कसली शाळा? नऊपर्यंत माझे कॅन रिकामे होऊन परत यायचे," असं म्हणत ते फाटक सरकवतात.

त्याच वेळी रस्त्यावरून पिवळी बस जाते. तिच्यात काकांची दोन नातवंडं आहेत, इंग्रजी शाळेची. काका हात करतात आणि आमच्या व्हरांड्यातली पाण्याची टाकी भरायला वळतात.

गावातल्या बहुतेक घरांचं असंच आहे. आजोबा, वडील, आत्या सगळे इथे शिकलेले आणि मुलं बसमध्ये. वाईट वाटतं, पण राग येत नाही. पालकांना मुलांची काळजी असते आणि इंग्रजीचा धाक सगळीकडे सारखाच आहे. शिवाय या लोकांनी शाळा सोडली असंही म्हणता येत नाही. मुलं दुसरीकडे घातली, पण किल्ली, पेंढा, बांबू त्यांच्याकडूनच येतो. बालवाडीच्या ताईंचं मानधनही चर्चला येणाऱ्या घरांच्या वर्गणीतूनच निघतं.

९.००

परिपाठ. राष्ट्रगीत, मग राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, बातम्या. आजच्या बातम्या वाचतो तो चौथीतला मुलगा नेपाळी आहे. त्याचे वडील इमारतीवर राखणदार. 'महानगरपालिका' हा शब्द तो तीन तुकड्यांत म्हणतो, पण न अडखळता.

प्रार्थनेत देवाचं नाव घेतलं जातं, कुठल्या एका धर्माची शिकवण नसते. धर्मशिक्षणाचा तास वेगळा असतो आणि तो कॅथलिक मुलांपुरता. त्या वेळी बाकीची मुलं माझ्याकडे मूल्यशिक्षणाला बसतात. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे संविधानाच्या २८व्या कलमातच आहे. सिस्टर, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, प्रवेशाच्या दिवशीच पालकांना हे समजावून सांगतात.

मग हजेरी. "हजर बाई, हजर बाई" करत यादी पुढे सरकते आणि कातकरी पाड्यावरच्या नावांशी अडते. आज तिघं गैरहजर. दिवाळीनंतर हे ठरलेलंच. पावसाळ्याची शेतीची कामं संपतात, मुकादम पाड्यावर येतो, उचल देतो आणि कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. नाताळच्या नाटकातला देवदूत त्या तिघांत आहे.

१०.००

संचमान्यतेच्या, म्हणजे शिक्षकांची पदं मंजूर करण्याच्या, हिशेबात साठ मुलांपर्यंत शिक्षक दोन. आमचा पट साठच्या आत, म्हणून सिस्टरांकडे पहिली-दुसरी आणि माझ्याकडे तिसरी-चौथी, एकेका खोलीत दोन-दोन वर्ग. तिसरीला गणितं घालून दिली की चौथीकडे वळायचं आणि चौथीला लिहायला लावलं की परत तिसरीकडे.

आज दोन्ही वर्गांना एकच धडा: बी रुजणं. पत्र्याच्या उथळ ट्रेमध्ये माती पसरून मुलांनी रात्रभर भिजवलेली नाचणी पेरली. एक ट्रे खिडकीत, एक कपाटात. रोज उंची मोजायची आणि वहीत मांडायची. आठ-दहा दिवसांत खिडकीतल्या ट्रेत हिरवळ उभी राहील, तीच गोठ्यासमोरचं कुरण होईल. कपाटातली पिवळी, लांबट रोपं प्रकाशाचं काम शिकवतील. गोठा मांडायची प्रथा संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी सुरू केली, हे मी ओघात सांगते. "त्यांनी पण नाचणी पेरली होती?" एक मुलगी विचारते. तिथे नाचणी कुठली, पण बैल आणि गाढव मात्र खरे होते, हे ऐकून वर्ग खूश.

वर्गात घरच्या भाषा किती ते मोजायला एक फळा पुरत नाही. कुपारी घरातली सामवेदी, वाडवळी, कातकरी, भोजपुरी, नेपाळी. मराठी पाठ्यपुस्तकाची भाषा यांतल्या कुणाच्याच स्वयंपाकघरात बोलली जात नाही. माझ्या लहानपणीही नव्हती. त्यामुळे पुस्तकातला नवा शब्द आला की सगळे एकाच रेषेवर उभे असतात.

१२.००

चर्चची घंटा होते. देवदूताची प्रार्थना म्हणणारी मुलं जागेवर उभी राहतात, बाकीची तेवढा वेळ शांत बसतात. हे कुणी शिकवलं नाही, शेजाऱ्याला पाहून जमलं.

मग पोषण आहार. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, असं प्रमाण ठरलेलं आहे. चौथीतली मुलं हजेरी मोजून तांदळाचं वजन स्वतः काढतात आणि सकाळी मावशींना चिठ्ठी देतात. आज मटकीची खिचडी. वाढण्याआधी एक शिक्षक आणि एक पालक चव घेऊन नोंदवहीत सही करतात. आजचे पालक नालासोपाऱ्याला रिक्षा चालवतात. "मीठ थोडं कमी" असं त्यांनी हिंदीत लिहिलं. मावशींनी ते वाचून घेतलं आणि मीठ घातलं.

पडवीत केळीचा एक घड टांगलेला आहे. कुणी आणला, हे विचारायचं नाही असा इथला रिवाज.

१.१५

सिस्टर संगणकापुढे. यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीत, एका मुलाचं नाव आधारशी जुळत नाही. आधारवर आडनाव आधी, दाखल्यावर नंतर. क्रमाचा हा फरक लहान शाळेला जड जातो, कारण आधार न जुळलेलं मूल वर्गात बसलेलं असलं तरी संचमान्यतेच्या पटावर धरलं जात नाही. पट घसरला तर शिक्षकाचं पद जातं. सिस्टर मुलाच्या आईला फोन लावतात. ती एका घरी भांडी घासते आहे. पाचला येते म्हणते.

२.००

तालीम. नाटक अर्ध्या तासाचं, पात्रं भरपूर. मेंढपाळ वाढवत नेले की सगळा वर्ग रंगमंचावर येतो. यंदाच्या सरायवाल्याला आपण मारियेला जागा नाकारतो याचं फार वाईट वाटतं, म्हणून तो दर तालमीत दार उघडून टाकतो. त्याला रोज समजवावं लागतं.

आमचा एक नियम आहे: प्रत्येक भूमिकेला दोन मुलं. ताप-खोकल्यासाठी नव्हे, वीटभट्टीसाठी. एका वर्षी प्रयोगाच्या आदल्या दिवशी योसेफ गेला आणि नाटक कोलमडलं. तेव्हापासून संवाद दोघांनी पाठ करायचे, पोशाख दोघांना बसेल असा शिवायचा आणि दोघंही इथेच राहिली तर पहिला अंक एकाने, दुसरा दुसऱ्याने करायचा. प्रेक्षकांना दोन मारिया, दोन योसेफ बघायची सवय झाली आहे. देवदूताची मात्र यंदा एकच मुलगी आहे. दुसरी कुणी तिच्याइतकं मोठ्याने बोलायला तयार होईना, म्हणून माझ्याकडून राहून गेलं होतं.

३.४५

मुलं गेल्यावर शाळा व्यवस्थापन समितीची बैठक. पालक, फादर, सिस्टर, मी आणि न बोलावता आलेले काका. पुढच्या तीन महिन्यांचा आराखडा ठरतो.

येत्या 'आनंददायी शनिवारी' दप्तराविना बावखल पाहायला जायचं. पूर्वजांनी घरं आणि शेतं उंच करायला माती खणली, त्या खड्ड्यांत पावसाचं गोडं पाणी साठून हे तलाव झाले. कित्येक आता भरावाखाली गेले. आमच्या गावातला उरलेला दाखवायला काका स्वतः येणार, आणि रहाट कसा चाले तेही सांगणार. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती. त्या दिवशी मुलांच्या आयांनी वर्गात बसायचं आणि मुलींनी शिकवायचं. प्रजासत्ताक दिनाला धावण्याच्या शर्यती, चर्चच्या मैदानावर.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संत गोन्सालो गार्सिया यांचा सण. हे वसईतच जन्मलेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकी इथे त्यांना क्रुसावर मारण्यात आलं आणि १८६२ मध्ये संतपद मिळालं. मुलं नकाशावर वसई ते नागासाकी हा समुद्रमार्ग काढणार आहेत. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. 'भूक', 'पाऊस', 'आई' हे तीन शब्द प्रत्येकाने घरच्या भाषेत सांगायचे आणि त्यांचा तक्ता भिंतीवर लावायचा.

शेवटचा विषय नेहमीचा, पुढच्या जूनचे प्रवेश. रिक्षावाले पालक म्हणतात, "आमच्या चाळीत विचारतो." काका म्हणतात, "मी नातवाला विचारतो." सगळे हसतात. काका हसत नाहीत.

५.१५

मी आणि सिस्टर पाड्यावर. देवदूत अंगणात भांडी बांधतेय. वडील सांगतात, सोमवारी टेम्पो येणार, भट्टी भिवंडीकडे. उचल घेतली आहे, आता मागे फिरता येत नाही. मुलीला आजीजवळ ठेवा, असं सिस्टर सुचवतात. आजीही भट्टीवरच जाणार आहे. यापुढे वाद घालण्यात अर्थ नसतो.

मग कामाचं बोलणं. सिस्टर पिशवीतून शिक्षण हमी कार्ड काढतात. त्यात मुलीची इयत्ता आणि तिला काय काय येतं ते लिहिलेलं असतं. भट्टीजवळच्या शाळेत ते दाखवलं की तिला तिथे बसता येतं. वडील वाचू शकत नाहीत. मुलगी त्यांना वाचून दाखवते, प्रत्येक ओळ, तिच्या देवदूताच्या आवाजात. भट्टीपासून कोणती शाळा जवळ ते शोधून मी फोन करायचा आणि पोचल्यावर वडिलांनी मिस्ड कॉल द्यायचा, असं ठरतं.

"माझं नाटक?" ती विचारते.

"सोमवारपर्यंत चार दिवस आहेत," मी म्हणते. "शुक्रवारी सगळ्यांसमोर तुझा प्रवेश पूर्ण करायचा. फादर, काका, लुगडंवाल्या आजी, सगळे बघायला येतील. जूनमध्ये परत आलीस की चौथीच्या वर्गात पुन्हा करून दाखवायचा."

रात्री टाचण लिहिताना उद्याची कामं मांडते. काकांना शुक्रवारचं सांगणं. आधारवरचं आडनाव. नाचणीला पाणी. देवदूतासाठी दुसरी मुलगी शोधणं, आणि तिला शिकवायचं काम पहिलीकडे देणं.