कंस कुठेही घाला

(२ + ३) + ४ आणि २ + (३ + ४) यांचे उत्तर एकच येते, हा साहचर्याचा नियम आपण शाळेतच शिकतो. इतक्या उघड गोष्टीला नाव कशाला, असे कुणालाही वाटेल. पण अनेक संगणकांवर एकाच वेळी चालणारी आकडेमोड याच नियमावर उभी आहे, असे मी म्हणेन.

कोटभर संख्यांची बेरीज करायची आहे असे समजा. एकेक संख्या मिळवत जायचे ठरवले, तर प्रत्येक पायरी आधीच्या पायरीसाठी खोळंबते. मदतीला शंभर संगणक आणले तरी नव्याण्णव रिकामे बसतील. मात्र बेरीज साहचर्य पाळते, म्हणून संख्यांचे शंभर गट पाडून, गटागटाची बेरीज करून, शेवटी त्या एकत्र करता येतात. गट पाडणे म्हणजे कंस हलवणेच! गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ मध्ये मांडलेल्या ‘मॅपरिड्यूस’ पद्धतीची प्रेरणा लिस्पसारख्या फंक्शनल भाषांतली होती. डावीकडून उजवीकडे एकेक मिळवत जाण्याची सवय सोडा, असे गाय स्टील यांनी २००९ मध्ये एडिंबरा येथील व्याख्यानात सांगितले, तेही याचसाठी.

सरासरी मात्र साहचर्य पाळत नाही. एका गटात १० आणि २०, दुसऱ्यात फक्त ६०. गटांच्या सरासऱ्या १५ आणि ६०. त्यांची सरासरी ३७.५. खरी सरासरी ३०! संगणक तक्रार करत नाही. चुकीचा आकडा निमूटपणे अहवालात जातो आणि त्यावर निर्णय होतात.

उपाय सोपा आहे. प्रत्येक गटाने सरासरी न देता बेरीज आणि संख्यांची मोजणी अशी जोडी द्यावी: (३०, २) आणि (६०, १). जोड्या मिळवल्या की (९०, ३). भागाकार अगदी शेवटी, एकदाच. जोड्यांची बेरीज साहचर्य पाळते, त्यामुळे गट कसेही पाडले तरी उत्तर तेच.

दशांश अपूर्णांकांत संगणकाची साधी बेरीजसुद्धा दगा देते. ०.१, ०.२ आणि ०.३ यांची बेरीज नेहमीच्या द्विमान पद्धतीत एका कंसाने ०.६ येते, तर दुसऱ्याने ०.६००००००००००००००१. पैशांचा हिशेब पूर्णांकी पैशांत ठेवावा, तो यासाठीच.

म्हणून काम वाटून देण्याआधी मी एवढेच विचारतो: यातले कंस हलवले तर उत्तर बदलेल का? बदलत असेल, तर आणखी संगणक आणण्याआधी जोडीने काय न्यायचे ते शोधावे लागते.