आर्थिक सल्ल्यामागची माणसे

आर्थिक नियोजन करणाऱ्या संस्था आपल्या ग्राहकांना वेळोवेळी जी वार्तापत्रे पाठवतात, त्यांत शेअर बाजाराचा आढावा आणि करविषयक बदल यांना पुढची पाने मिळतात, आणि कोण नव्याने रुजू झाले, कोण कोणती परीक्षा उत्तीर्ण झाले, कर्मचाऱ्यांनी कोणत्या शाळेत वह्या वाटल्या किंवा कोठे रक्तदान शिबिर भरवले, असा मजकूर शेवटच्या पानावर ढकलला जातो. ग्राहकही ते पान छायाचित्रांवर नजर टाकून बाजूला ठेवतो. वास्तविक बाजाराचा आढावा कोणत्याही वृत्तपत्रात वाचायला मिळतो. ज्या संस्थेच्या हाती आपण आयुष्याची शिल्लक सोपवली आहे तिच्याविषयी काही कळण्याची शक्यता असते ती या दुर्लक्षित मजकुरातच, मात्र त्यात काय छापले आहे याइतकेच काय वगळले आहे हेही पाहावे लागते.

आर्थिक नियोजन म्हणजे एखादा शेअर किंवा विमा पॉलिसी सुचवणे नव्हे. कुटुंबाचे उत्पन्न, खर्च, कर्ज, विमा, मुलांचे शिक्षण, निवृत्ती आणि वारसा यांचा एकत्र हिशेब मांडून, कोणते पैसे कोणत्या वेळी लागतील आणि ते कोठून उभे राहतील याचा आराखडा करणे, असा त्याचा अर्थ होतो. स्वतंत्र व्यवसाय म्हणून ही कल्पना अमेरिकेत रुजली: डिसेंबर 1969 मध्ये शिकागोच्या ओ'हेअर विमानतळाजवळ मोजक्या मंडळींची बैठक झाली, तिच्यातून डेन्व्हर येथील महाविद्यालय उभे राहिले आणि 1973 मध्ये 42 जणांची पहिली तुकडी 'सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर', म्हणजे सीएफपी, ही पदवी घेऊन बाहेर पडली. भारतात या क्षेत्राला स्वतंत्र कायदेशीर चौकट मिळायला 2013 साल उजाडले, जेव्हा रोखे बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने गुंतवणूक सल्लागारांसाठी नियमावली लागू केली. या नियमावलीनुसार नोंदणीकृत सल्लागार ग्राहकाकडून शुल्क घेतो, तर म्युच्युअल फंडांचा वितरक फंड कंपनीकडून कमिशन घेतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर एकाच कुटुंबाकडून शुल्क आणि त्याच कुटुंबाच्या गुंतवणुकीवर कमिशन असा दुहेरी लाभ घेता येत नाही. देशात वितरकांची संख्या लाखाच्या वर आहे आणि नोंदणीकृत सल्लागार हजाराच्या आसपास, त्यामुळे सामान्य माणूस ज्याला 'आमचे सल्लागार' म्हणतो तो बहुतेक वेळा कायद्याच्या भाषेत वितरक असतो.

या पार्श्वभूमीवर 'अमुक परीक्षा उत्तीर्ण' ही बातमी केवळ अभिनंदनाची राहत नाही. सल्लागार संस्थेत नुसते मालकाकडे प्रमाणपत्र असून भागत नाही. ग्राहकाला प्रत्यक्ष सल्ला देणाऱ्या, म्हणजे गुंतवणूक कोठे करावी हे समजावून सांगणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने ठरलेली पात्रता मिळवावी, असे नियम सांगतो. त्यासाठीच्या 'टेन-ए' आणि 'टेन-बी' या परीक्षा एनआयएसएम ही संस्था घेते, जी सेबीने 2006 मध्ये स्थापन केली आणि जिचे आवार रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे. म्युच्युअल फंड विकणाऱ्यासाठी 'फाइव्ह-ए' ही वेगळी आणि तुलनेने सोपी परीक्षा असते. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची, त्यानंतर ते नूतनीकृत करावे लागते. म्हणजे चार वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या आणि पुढे काहीच न केलेल्या माणसाचे भिंतीवरचे प्रमाणपत्र शोभेचे ठरते. सीएफपी ही पदवी याहून विस्तृत अभ्यासक्रमाची आहे, पण ती सेबीच्या नोंदणीची जागा घेत नाही, आणि नावापुढे लागणाऱ्या अक्षरांच्या गर्दीत हा फरक सोयीस्करपणे पुसला जातो.

कर्मचारी बदलला की ग्राहकाचे काय होते, या प्रश्नाची एक खूण म्युच्युअल फंडाच्या अर्जावरच असते, आणि अर्ज भरणाऱ्यांपैकी फार थोडे लोक तिच्याकडे पाहतात. अर्जाच्या अगदी वरच्या ओळीत वितरकाचा नोंदणी क्रमांक, म्हणजे 'एआरएन', लिहिण्याची चौकट असते आणि तिच्या शेजारी 'ईयूआयएन' नावाची दुसरी चौकट असते. 'ई' या अक्षरापुढे सहा आकडे असा हा क्रमांक संस्थेचा नसून ग्राहकाशी प्रत्यक्ष बोलणाऱ्या कर्मचाऱ्याचा असतो. 2013 पासून तो बंधनकारक झाला, त्याला कारण असे होते की बँका आणि मोठ्या वितरक संस्थांमधील माणसे दर वर्षा-दोन वर्षांनी नोकरी बदलत, चुकीची योजना गळ्यात मारल्याचे उघड होईपर्यंत ती विकणारा दुसऱ्याच संस्थेत पोहोचलेला असे, आणि मागे राहिलेली संस्था सगळे खापर त्याच्यावर फोडून मोकळी होई. क्रमांक माणसाला चिकटल्यामुळे त्याने कोणाला काय विकले याचा माग तो कोठेही गेला तरी निघू शकतो.

ही चौकट रिकामी ठेवण्याचीही सोय आहे, परंतु तशी ती ठेवली तर त्याखालच्या बारीक छापील मजकुरावर ग्राहकाला स्वतंत्र सही करावी लागते. त्या मजकुराचा आशय असा, की हा व्यवहार कोणत्याही कर्मचाऱ्याच्या सल्ल्याविना, ग्राहकाने स्वतःच्या मर्जीने केला आहे. समोर बसून दोन तास योजना समजावून सांगणारा प्रतिनिधी शेवटी पेन्सिलीने तीन ठिकाणी फुल्या करून 'इथे, इथे आणि इथे सही करा' असे म्हणतो, तेव्हा त्या तीनपैकी एक फुली या मजकुरापुढे नाही ना, एवढे पाहून घेणे बाजाराच्या दहा आढाव्यांपेक्षा उपयोगी पडते.

वार्तापत्रात रुजू होणाऱ्याचे छायाचित्र छापतात. सोडून जाणाऱ्याचे सहसा छापत नाहीत. व्यवसायाच्या दृष्टीने हे समजण्यासारखे असले तरी ग्राहकाच्या दृष्टीने दुसरी बातमी पहिलीहून महत्त्वाची असते, कारण आराखडा कागदावर असला तरी त्यामागची कारणे, उदाहरणार्थ एखाद्या कुटुंबाने गावची जमीन विकायची नाही असे का ठरवले आहे किंवा कोणत्या मुलाच्या आजारपणासाठी रोकड वेगळी ठेवली आहे, ही बहुधा सल्लागाराच्या डोक्यात असतात. चांगली संस्था अशा वेळी जुना आणि नवा अशा दोघांना एकत्र बसवून ग्राहकाची भेट घडवते आणि बैठकीची टिपणे संस्थेच्या दप्तरात राहतील याची काळजी घेते. ते न केल्यास ग्राहकाला एके दिवशी अनोळखी आवाजाचा फोन येतो आणि सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. शिवाय नवा माणूस आपले अस्तित्व दाखवण्यासाठी जुन्या योजना मोडून नव्या घ्यायला सुचवतो, हा अनुभव बँकांच्या 'रिलेशनशिप मॅनेजर' मंडळींच्या बाबतीत सार्वत्रिक आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये सेबीने गुंतवणूक करताक्षणी मिळणारे एकरकमी कमिशन जवळजवळ बंद करून 'ट्रेल', म्हणजे पैसे योजनेत राहतील तोवर थोडे थोडे मिळणारे कमिशन, हाच मार्ग ठेवला, त्यामुळे म्युच्युअल फंडांत या उलथापालथीचा मोह कमी झाला. विम्यात पहिल्या वर्षाचे कमिशन भरघोस असल्याने तो तितकासा ओसरलेला नाही.

महाराष्ट्रातील शहरांत या व्यवसायाचे नेहमीचे रूप म्हणजे एक जाणता माणूस, त्याचा मुलगा किंवा सून, दोन-तीन सहायक आणि इमारतीच्या पहिल्या मजल्यावरची जागा. एकट्याच्या नावावर चालणाऱ्या सल्लागाराचे ग्राहक 300 झाले किंवा वर्षाचे शुल्क 3 कोटी रुपयांवर गेले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा त्याने कंपनी किंवा तत्सम संस्थेचे रूप घ्यावे, असा सध्याचा नियम आहे. त्या आकड्याच्या अलीकडे राहणाऱ्या असंख्य कार्यालयांत मालकानंतर कोण, हा प्रश्न मात्र उघडपणे विचारला जात नाही. ग्राहकाला निवृत्तीचे आणि मृत्युपत्राचे धडे देणाऱ्याने स्वतःच्या व्यवसायाचा वारस ठरवलेला नसावा, यातली विसंगती त्या व्यवसायातल्या लोकांनाही ठाऊक आहे.

समाजकार्याच्या बाबतीत प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये यांपैकी कोणत्याही एका मर्यादेला पोहोचतो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. बहुतेक नियोजन संस्था या मर्यादांच्या कितीतरी खाली असतात, म्हणून त्यांनी केलेले काम कायद्याने करायला लावलेले नसते. वह्यावाटप, वृक्षारोपण, रक्तदान, पालखीच्या वाटेवर पाणी आणि औषधे, गणेशोत्सवातील व्याख्यानमालेला देणगी, ही कामे चांगलीच आहेत आणि ती करायला आर्थिक नियोजनाचे ज्ञान लागत नाही. ती कोणतीही पतसंस्था किंवा कापड दुकानदार करू शकतो, आणि करतो.

संस्थेचे स्वतःचे कसब जेथे उपयोगी पडते ते काम अर्थसाक्षरतेचे, म्हणजे पैशाचे व्यवहार समजून घेऊन निर्णय करता येण्याची क्षमता वाढवण्याचे, आणि त्याची गरज मोठी आहे. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या 2019 च्या पाहणीत देशातील प्रौढांपैकी केवळ 27 टक्के लोक या कसोटीला उतरले. तथापि शिक्षण आणि विक्री यांच्यातील रेषा येथे फार पातळ असते. सभागृह, अल्पोपाहार आणि 'मोफत मार्गदर्शन' यांच्या बदल्यात दाराशी नाव, फोन नंबर आणि महिन्याचे उत्पन्न लिहून घेतले जात असेल, तर तो विक्रीचा मेळावा होय, त्याला समाजकार्य म्हणण्याचे कारण नाही. अमेरिकेत विनामोबदला नियोजनसेवा देणारी संघटित चळवळ आहे आणि तिला पाठबळ देणारे 'फाउंडेशन फॉर फायनान्शियल प्लॅनिंग' 1995 पासून कार्यरत आहे. तेथे अशा उपक्रमांत स्वयंसेवक नियोजकाने लाभार्थ्याला काही विकायचे नाही, स्वतःचे व्हिजिटिंग कार्डसुद्धा पुढे करायचे नाही, असा दंडक पाळला जातो. भारतात सेबीने जानेवारी 2025 मध्ये दुसऱ्या बाजूने कुंपण घातले: केवळ शिक्षण देतो असे म्हणणाऱ्याने शेअरच्या चालू भावांचा आधार घेऊ नये, किमान तीन महिने जुने भाव वापरावेत, म्हणजे शिकवणीच्या नावाखाली 'आज काय घ्यावे' हे सांगता येणार नाही.

इतका काटेकोरपणा अनाठायी वाटू शकेल, पण समाजातली ओळख हेच फसवणुकीचेही साधन असते. जानेवारी 2025 मध्येच दादरच्या एका दागिन्यांच्या दालनापुढे पैसे बुडालेल्या लोकांची गर्दी जमली, तेव्हा त्यांत भाजीविक्रेते आणि छोटे दुकानदार मोठ्या संख्येने होते, आणि दर आठवड्याला परतावा देणारी ती योजना एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचली होती ती ओळखीपाळखीतूनच. शेजारच्याला पहिले काही हप्ते मिळालेले दिसले की नियमावली कोणी उघडून पाहत नाही. म्हणून वस्तीत काम करणाऱ्या संस्थेने सेबीच्या संकेतस्थळावर 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होणारा आपला नोंदणी क्रमांक कसा शोधायचा हे आधी शिकवावे आणि स्वतःचा क्रमांक तपासायला लावून सुरुवात करावी, हे इष्ट.

त्याहून उपयोगी, पण फारसे न होणारे काम नामांकनाचे आहे. खातेदाराच्या मृत्यूनंतर पैसे कोणाकडे सोपवायचे त्याचे नाव आधी नोंदवून ठेवणे म्हणजे नामांकन. म्युच्युअल फंड आणि डीमॅट खात्यांत आता 10 जणांपर्यंत आणि बँक ठेवींत नोव्हेंबर 2025 पासून 4 जणांपर्यंत नावे देता येतात. नामांकित व्यक्ती ही पैशाची मालक ठरतेच असे नाही, अनेकदा ती वारसांच्या वतीने विश्वस्त असते, हेही येथेच समजावून सांगावे लागते. नाव नोंदलेले नसेल आणि रक्कम ठराविक मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर वारसाला न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणावे लागते. दरम्यान दहा वर्षे हात न लागलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. अशा ठेवी शोधण्यासाठी 2023 पासून 'उद्गम' हे पोर्टल उपलब्ध आहे, पण ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभासदाला ते शोधून देणारा माणूस शेजारी बसलेला असावा लागतो. एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यालयात रविवारी सकाळी टेबल मांडून पासबुके आणि जुनी खातेपत्रके तपासली, तर नाव न नोंदलेले, दिवंगत जोडीदाराचेच नाव राहून गेलेले किंवा पॅनवरील आणि खात्यावरील नावात फरक असलेले कागद हमखास सापडतात.

या कामावर शुल्क नाही आणि कमिशनही नाही, त्यामुळे त्याच्यासाठी कोणी सभागृह घेत नाही. ते ज्याला चांगले जमते तो बहुधा प्रमुख सल्लागारही नसतो. मृत्यूचा दाखला साक्षांकित कोणाकडून करायचा, वारसाची केवायसी आधी की हस्तांतराचा अर्ज आधी, रद्द केलेल्या धनादेशावर नाव छापलेले नसेल तर त्याऐवजी काय चालते, ही माहिती मागच्या खोलीत बसून अर्जांचे गठ्ठे हाताळणाऱ्या सहायकाला असते, ज्याने टेन-ए दिलेली नसते आणि ज्याचे छायाचित्र वार्तापत्राच्या शेवटच्या पानावरही क्वचितच येते.